आधी ब्रेक, मग वेग!

शर्यतीची गाडी म्हटली की वाटतं, हा श्रीमंतांचा शौक! पण जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली आणलेली एमएक्स-५ ही दोन सीटची गाडी परदेशातल्या बेताच्या कमाईच्या हौशी लोकांनी सर्किटवर उतरवली. इंजिन १६०० सीसीचं, वजन हजार किलोच्या आत. जुनी गाडी घ्यायची आणि स्वतःच पाने घेऊन कामाला लागायचं.

नवखे इंजिनाच्या ताकदीमागे धावतात. जाणते आधी ब्रेक ऑइल बदलतात. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की १५५ अंशांनाही उकळू शकतं. त्याची वाफ झाली की कितीही पाय दाबा, ब्रेक लागत नाही! त्यानंतर उष्णता सोसणारे ब्रेक पॅड, चांगले टायर आणि गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पोलादी रोल बार. स्टेपनी, गालिचे काढून वजन कमी करणं तर फुकटच.

घरखर्चातही आपण हेच करतो ना? आधी गरजेचं, मग हौसेचं. मुलगा बाइकला आवाजाचा सायलेन्सर मागत असेल, तर त्याला एवढंच विचारा, "ब्रेक कधी तपासलेस?"