वाफेचा भाव

दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात तासाला साधारण २१० टन ऊस गव्हाणीत पडतो. त्यातून साठ टनांपेक्षा थोडं कमी बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, निघतं. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी ६७ किलो दाबाच्या बॉयलरमध्ये एका टनापासून सव्वादोन टन वाफ मिळते. म्हणजे तासाला १३० टन. रस तापवायला, आटवायला आणि पॅनमध्ये साखर शिजवायला उसाच्या ४५ टक्के, म्हणजे ९५ टन वाफ जाते. उरलेल्या ३५ टनांचं काय करायचं, या प्रश्नाभोवती सहवीजनिर्मितीचं सगळं नियोजन फिरतं.

हंगाम भरात असताना अशा एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मी रात्रपाळीला बसलो होतो. टर्बाइनमधून वाफ दोन वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट एक्झॉस्टची. इथे एका मेगावॅटला तासाला सुमारे ६ टन वाफ लागते, पण ती वाया जात नाही. दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस आटवते. दुसरी वाट कंडेन्सरची. इथे ४ टनांतच तेवढी वीज मिळते. आकडा बघून दुसरी वाट फायद्याची वाटते. पण कंडेन्सरकडे गेलेल्या वाफेतली बहुतेक उष्णता कूलिंग टॉवरवरून हवेत जाते. म्हणून रसाला वाफ लागते तोवर वीज पहिल्या वाटेनेच काढायची, यात वाद नाही. वाद असतो तो उरलेल्या वाफेचा: आत्ता कंडेन्सरमधून वीज करायची, की बॉयलर थोडा हलका चालवून बगॅस यार्डात साठवायचं?

हे ठरवण्यासाठी गणिती आराखडा मांडतात. तासातासाची वाफ, वीज आणि साठा हे त्यातले अज्ञात आकडे. बॉयलर ठरावीक भाराखाली चालवता येत नाही, टर्बाइनची कमाल क्षमता ओलांडता येत नाही, रसाची वाफ कधीच तोडायची नाही, या अटी. दुसरा बॉयलर असेल तर तो चालू की बंद हा निर्णय शून्य किंवा एक असाच घ्यावा लागतो आणि गणित अवघड होतं ते तिथेच. बाकीचं गणित संगणक चुटकीसरशी सोडवतो.

पण बहुतेक ठिकाणी उत्तराच्या वेळापत्रकाची प्रिंट काढतात आणि त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट बघायची राहून जाते. प्रत्येक अटीमागे एक भाव निघतो: या तासाला एक टन वाफ जास्त असती, तर कमाई किती वाढली असती? गणितज्ञ लिओनिद कान्टोरोव्हिच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमधल्या प्लायवूड कारखान्यांचा प्रश्न सोडवताना असेच भाव सांगणारे गुणक शोधले होते. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कारखान्यात हा भाव दर तासाला बदलू शकतो. वीज करारातल्या एकाच दराने जात असेल तर तो साधारण एकसारखा राहतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या बाजारात विकायची असेल तर संध्याकाळी चढतो. गाळप थांबून ‘नो केन’ झालं की पुन्हा बॉयलर पेटवायला साठ्यातलंच बगॅस लागतं, आणि त्या दिवशी यार्डातल्या ढिगाची किंमत वेगळीच असते.

हा भाव समोर असला की वाफ वाचवण्याचं बोलणं उपदेशापुरतं राहत नाही. उसाच्या प्रमाणात लागणारी वाफ एका टक्का-बिंदूने कमी झाली तर तासाला दोन टन वाफ, म्हणजे दिवसाला वीस टनांहून जास्त बगॅस सुटतं. ज्यूस हीटर वेळेवर साफ करायला दोन माणसं जास्त लावणं परवडतं की नाही, याचा निकाल त्या हिशेबावर लागतो.

आराखड्याला न दिसणारी गोष्ट मला पॅन फ्लोअरवर दिसली. तासाची सरासरी ९५ टन असली तरी पॅन तशी सरासरीने वाफ घेत नाहीत. दोन पॅन एकदम सुरू झाले की मागणी उसळते. “मामा, प्रेशर पडतंय, एक पॅन थोडा धरा,” असा पॅन सांभाळणाऱ्या मामांना बॉयलरवरून फोन आला. मामांनी वाफेचा व्हॉल्व्ह आवळला आणि काचेतून दाणा बघत उभे राहिले. दाणा बांधायच्या वेळी वाफ तोडली असती तर साखर बिघडली असती. त्यांनी धरला तो पॅन त्या टप्प्याच्या पुढे गेलेला होता. हा निर्णय त्यांनी डोळ्यांनी घेतला. माझ्या मते पॅनचे टप्पे आराखड्यात घालायलाच हवेत, तेही तासाच्या ऐवजी पंधरा मिनिटांच्या पट्ट्यांत, आणि कोणता टप्पा किती वेळ थांबू शकतो याचे आकडे मामांशेजारी उभं राहूनच लिहून घ्यायला हवेत.