रंगाखाली गेलेली पाटी



उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आले की आपल्या कळवण तालुक्यात घरादाराची कामं निघतात. कुणाची कौलं उतरून स्लॅब पडतो, कुणाची भिंत पाडून खोली वाढते. पावसाच्या आत उरकायचं म्हणून सगळी घाई. त्या घाईत विजेच्या जुन्या सामानावरची धोक्याची पाटी कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्याही राहिली नव्हती.

आमच्या गटाची गिरणी आणि मसाला कांडपाची एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी तिला रंग दिला. रंगाऱ्याने भिंतीबरोबर मेन स्विचचा लोखंडी डबाही रंगवला आणि त्यावरची कवटीची पाटी रंगाखाली गेली. खोली छान दिसली, आम्ही कौतुकच केलं. यंदा खिडकीसाठी भिंत फोडायला गवंडीदादा आले. आम्ही मेन बंद केला आणि "करा बिनधास्त" म्हणालो. त्यांची छिन्नी गिलाव्यात दडलेल्या वायरला लागली. ठिणग्या उडाल्या, दादा घोडीवरून खाली पडले. हात भाजला, पण जीव वाचला.

मेन तर बंद होता, मग करंट आला कुठून?

नळाचं उदाहरण घ्या. अंगणातली तोटी बंद केली तरी तिच्या मागच्या पाइपात पाणी भरलेलंच असतं. तसंच मेन स्विच फक्त आपल्या पुढची वीज तोडतो. मीटरपासून मेनपर्यंत येणारी वायर चालूच राहते. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही घरातल्या काही वायरींत वीज खेळते. शेजारून ओढलेली लाइन असेल तर तिचा खटका शेजारच्या घरात असतो. हे घरच्या माणसाला ठाऊक असतं, कामावर आलेल्या माणसाला नसतं. पाटी त्याच्यासाठी असते.

नियमही ऐकून ठेवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे २५० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या विजेच्या सामानावर धोक्याची पाटी ठळक जागी, कायमची लावायची असते. तिच्यावर कवटी आणि हाडांचं चिन्ह हवं. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत हवा, शिवाय जिल्ह्याच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत हवा. घरातली साधी लाइन २३० व्होल्टची असते. पण गिरणी, कांडप आणि विहिरीवरची मोटर थ्री फेजवर चालते. तिथे दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. तिथे पाटी लावायची जबाबदारी मालकाची. आमच्या गिरणीचा मालक कोण? आमचा गट. म्हणजे चूक रंगाऱ्याची म्हणून आम्हाला सुटता येत नव्हतं.

आणि घराला पाटीची सक्ती नाही म्हणून २३० व्होल्ट सौम्य समजू नका. ओल्या हाताला, ओल्या भिंतीजवळ तेवढेही जीव घ्यायला पुरतात.

आता आम्ही काय करतो ते सांगतो.

काम काढण्याआधी परवानाधारक वायरमनला घेऊन सगळं घर फिरायचं. वीज कुठून येते, कुठे बंद होते आणि बंद केल्यावरही कुठे चालू राहते, हे तीन प्रश्न विचारायचे. भिंतीतून वायर जिथून जाते तिथे खडूने रेघ मारायची. जुन्या वायरिंगमध्ये रंगावर भरवसा ठेवू नका. हाताला आली ती वायर जोडलेली असते.

मग पाट्या लावायच्या. नुसतं 'धोका' लिहून भागत नाही. आमच्या डब्यावर आता लिहिलंय: 'धोका. मेन बंद केला तरी वरची वायर चालू असते.' अक्षरं मोठी आणि शेजारी कवटी, कारण कामावर येणाऱ्या प्रत्येकाला मराठी वाचता येईलच असं नाही.

काम चालू असताना खटक्यावर 'काम चालू आहे, चालू करू नये' अशी चिठ्ठी बांधायची. फ्यूज काढून काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायचा. नाहीतर कुणीतरी मोबाइल चार्ज करायला खटका दाबतं.

रंगाच्या दिवशी पाटीवर कागद चिकटवायचा आणि रंग वाळला की तो काढायचा. पाटी दिसते ना, हे बघूनच रंगाऱ्याची मजुरी द्यायची.

मीटरकडची वायर हलवायची असेल तर सील स्वतः तोडू नका. महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून लाइन बंद करून घ्या. फोनसाठी क्रमांक १९१२. आणि कुणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज तोडा, ती तुटत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

गवंडीदादा महिनाभराने पुन्हा कामाला लागले. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे आम्ही गटातून दिले. पाटीला त्या मानाने काहीच खर्च आला नसता. आज घरी गेल्यावर आपल्या मेनच्या डब्याकडे एकदा बघा. त्यावर काय लिहिलंय, ते अनोळखी माणसाला कळेल का?

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.