बेरजा तीन, क्वेरी एकच!

आजचा विषय छोटा आहे, पण पैशांच्या हिशोबाचा आहे. डेटाबेसमधल्या अनेक कॉलमांची बेरीज कोडमधून एकाच फेरीत कशी काढायची?

समजा, मी महिला बचत गटासाठी अ‍ॅप बनवतोय. टेबलात प्रत्येक ताईची दर महिन्याला एक ओळ, आणि कॉलम तीन: बचत, व्याज, दंड. मीटिंगमध्ये तिन्हींची एकूण रक्कम सांगायची आहे.

आता बरेच जण काय करतात? सगळ्या ओळी पायथनमध्ये ओढून आणतात आणि लूप फिरवतात. म्हणजे तीन आकड्यांसाठी हजारो ओळींची ने-आण! काही जण तीन वेगळ्या क्वेरी मारतात. मग फेऱ्याही तीन, आणि तेच टेबल तीनदा वाचायचं. शिवाय दोन क्वेरींच्या मध्ये कुणाची नोंद झाली, तर बचत आधीची आणि व्याज नंतरचं. ताळा जुळणार कसा?

त्यापेक्षा एकच सिलेक्ट लिहायचा: सम बचत, सम व्याज, सम दंड. टेबल एकदाच वाचलं जातं. पोस्टग्रेसमध्ये तर तिन्ही बेरजा एकाच क्षणाच्या डेटावर होतात. जँगो वापरत असाल, तर एकाच अ‍ॅग्रिगेटमध्ये तीन सम द्या, उत्तर एका डिक्शनरीत मिळतं.

आता नीट ऐका. एकूण जमा हवी म्हणून काही जण आधी तिन्ही कॉलम मिळवतात आणि मग सम लावतात. इथे नल घात करतो. पहिल्या ताईंचे २०० बचत, ५० व्याज आणि १० दंड. दुसऱ्या ताईंचे २०० आणि ५०, दंडाचा रकाना रिकामा, म्हणजे नल. नलमध्ये काहीही मिळवा, उत्तर नलच! आणि सम नलला सोडून देतो. हातात येतात २६०, खरे आहेत ५१०. म्हणजे जी ताई वेळेवर पैसे भरते, तिचेच २५० रुपये गायब. आणि एररही येत नाही!

म्हणून आधी कॉलमवार सम, मग प्रत्येक समभोवती कोअ‍ॅलेस आणि शून्य. म्हणजे त्या महिन्यात कुणालाच दंड झाला नसेल, तरी नलऐवजी शून्य येईल. मगच तिन्ही बेरजा मिळवा. जँगो ४.० पासून सममध्येच डिफॉल्ट शून्य देता येतो.

आज एक करा: तुमच्या टेबलात एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवा आणि बेरीज तपासा. भेटू पुढच्या भागात!