श्रेयांकांचे खाते

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, मंदिरांतून शास्त्रांचे पूजन होते. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला, त्याचे हे पुण्यस्मरण. ज्ञान केवळ स्मरणशक्तीवर न सोडता त्याची नोंद करून ठेवावी, हा त्यातील बोध. त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण मुले-मुली महाविद्यालयात प्रवेश घेऊ लागतात. परंतु त्यांच्या विषयांची नोंदणी पुष्कळदा दुकानाच्या गर्दीत, घाईघाईने उरकली जाते. पेढीवरील पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांनी या नोंदीकडेही तितक्याच दक्षतेने पाहण्याची वेळ आता आली आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या वनप्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ लाभले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा सुरू झाला, आणि नोंदणीचे स्वरूपच पालटले.

पूर्वी शाखा निवडली की बहुतेक विषय ठरून जात. आता विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात सुमारे २० ते २२ श्रेयांकांची जुळणी करावी लागते. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला साधारणतः एक श्रेयांक मिळतो. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि खुला ऐच्छिक विषय अशी ही रचना आहे. खुला विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. म्हणजे वाणिज्य शाखेच्या मुलाला विज्ञान किंवा मानव्यविद्या शाखेतील एखादा विषय घेणे भाग आहे. हे ओझे मानू नये. धान, तेंदूपत्ता, बांबू किंवा सागवान यांच्या व्यवहारावर जगणाऱ्या घरातील मुलाने वनस्पती, पर्यावरण किंवा ग्रामीण समाजजीवन थोडे जाणले, तर ते पुढे त्याच्याच उपयोगी पडेल. मात्र महाविद्यालयागणिक विषयांची यादी निराळी असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ती यादी घरी आणून, मुलासमवेत बसून वाचावी.

मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. त्यासाठी बारा अंकी ‘अपार’ क्रमांक लागतो. या खात्यात विद्यार्थी स्वतः काही भरू शकत नाही, जमा करण्याचे काम शिक्षणसंस्थेचे असते. जमा झाली की नाही, हे पाहणे मात्र विद्यार्थ्याच्या हाती आहे. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर खाते उघडून पडताळून पाहावे, जसे आपण बँकेचे पासबुक पाहतो.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे मोल आपल्या लेकींसाठी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी विवाह ठरतो, मुलगी रायपूरला किंवा पुण्याला सासरी जाते आणि शिक्षण सुटते, हे समाजाला अपरिचित नाही. पूर्वी अर्धवट राहिलेल्या पदवीला कागदोपत्री फारशी किंमत नसे. आता पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि त्यावर चार श्रेयांकांचे कौशल्यशिक्षण वा प्रत्यक्ष कार्यानुभव पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर त्याच पद्धतीने पदविका मिळू शकते. जमा श्रेयांक साधारणतः सात वर्षे ग्राह्य धरले जातात. नव्या गावच्या विद्यापीठाने तेथील नियमांनुसार ते स्वीकारले, तर तेथून पुढे शिकता येते. सुनेला पुन्हा महाविद्यालयात पाठवायचे की नाही, हा निर्णय अखेर घराचाच आहे. पण तो निर्णय घेण्यासाठी खात्यावर जमा असली पाहिजे, आणि ती आज नीट केलेल्या नोंदणीतूनच येते.

काही बाबतींत विशेष सावधगिरी हवी. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि महाविद्यालयाचा अर्ज या तिन्हींवर नाव व जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असावी. आडनाव एका ठिकाणी आधी आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटी असले, तरी अडचण उद्भवू शकते. लग्नानंतर नाव बदलताना ही कागदपत्रे ध्यानात ठेवावीत. राज्याबाहेरून शिकून आलेल्या मुलांनी स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत मागवावे. महाविद्यालयात शुल्क भरले म्हणजे विद्यापीठातील नोंदणी पूर्ण झाली असे नव्हे. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा.

प्रवेशाचे दिवस पावसाचे असतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचा, एटापल्लीकडील मुलांनाही मुख्यालय गाठणे कठीण होते. म्हणून अखेरच्या तारखेची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात अर्ज पूर्ण करावा. शहरातील ज्यांच्या दुकानी संगणक आणि इंटरनेट आहे, त्यांनी आपल्याकडे कामाला असलेल्यांच्या मुलांचा अर्जही सोबत भरून द्यावा. आपल्या परंपरेने ज्ञानदानाला दानांत मानाचे स्थान दिले आहे, आणि या दानाला तासाभराचा वेळ पुरतो.