बायपास झाली, आता घरात वजनकाटा आणा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सिस्टर, वडिलांची बायपास झाली, रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या. मग हार्ट फेल्युअरच्या गोळ्या अजून कशाला?"

बायपासमुळे रक्ताला नवी वाट मिळते. पण आधीच्या अटॅकमध्ये हृदयाचा जो स्नायू मेला, तो परत येत नाही. उरलेला कमी जोरात पंप करतो आणि अंगात मीठ-पाणी साठत जातं. फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही हं, ते कमी पडतंय.

हे पाणी बऱ्याचदा दम लागायच्या आधी काट्यावर दिसतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मी नातेवाइकांना सांगते, फळं नंतर आणा, आधी वजनकाटा आणा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तशाच कपड्यांत वजन करायचं. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, तिथेच लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर "तब्येत सुधारली" म्हणून खूश होऊ नका. ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नडगीवर बोट दाबून खळगा राहतो का, झोपताना एकाऐवजी दोन उशा लागतात का, हेही बघा.

आता आपलं सोलापूर. मीठ दिवसाला सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. लोक म्हणतात, "भाजी अळणीच करतो की!" आणि ताटात शेंगाचटणी, लोणचं, पापड! चटणी बिनमिठाची कुटून घ्या. सैंधवसुद्धा मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते काही गोळ्यांबरोबर धोक्याचं ठरतं, विचारल्याशिवाय नको.

डॉक्टरांनी पाणी दीड लिटर सांगितलं असेल, तर ताक, चहा, आमटी त्यातच आली. पण मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, घाम गळतो आणि लघवीची गोळी चालूच असते. उठल्यावर चक्कर येतेय, वजन उतरतंय, तर तेव्हाही फोन करा. डोस बदलावा लागू शकतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, पाणीही वाढवायचं नाही.

आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणू नका. त्यांनी पाणी साठतं, किडनीवर ताण येतो.

आडवं पडलं की जीव गुदमरतोय, छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 लावा.