परक्या नावाची गाडी

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ दिवसाच्या कोणत्याही प्रहरी उभे राहिले, तरी हातगाड्या, रिक्षा आणि खरेदीला आलेल्या खेड्यापाड्यांतील माणसांच्या दाटीतून एखादी उघड्या टपाची, रुंद चाकांची, चकचकीत रंगाची जीप वाट काढीत जाताना दृष्टीस पडते. आणि तिच्या पाटीवरची ‘एमएच २०’ ही अक्षरे वाचून पाहणारा असे मनोमन धरून चालतो की, ही गाडी याच शहराच्या परिवहन कार्यालयात रीतसर नोंदली गेली असून तिचे लोखंड आणि तिचे आरसी बुक यांची सोबत जन्मापासूनची आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु जेव्हा ते खरे नसते, तेव्हा कापसाचे वा मोसंबीचे पैसे हाती आल्यावर ज्याने मोठ्या हौसेने ती जुनी गाडी घेतली, त्यालाच त्याची किंमत मोजावी लागते; सबब हा विषय केवळ सरकारी दप्तरात पडून राहणे इष्ट नाही.

सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने मोटार जुळविण्याची हौस इंग्लंडात जुनी आहे. १९५७ साली निघालेली ‘लोटस सेव्हन’ ही छोटी मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही मिळे आणि गिऱ्हाईक ती आपल्या घरी जुळवीत असे. अशा गाड्यांना तिकडे ‘किट कार’ म्हणतात. जुन्या गाडीचे भाग घेऊन नवी गाडी उभी केली तर तिने जुना क्रमांक लावावा की नाही, हा प्रश्न तेथील परवाना खात्याने पुष्कळ वर्षे गुण देऊन सोडविला. मूळ चेसीस शाबूत असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला अवघा १; ८ गुण भरले तरच जुना क्रमांक, न भरले तर नवी तपासणी, आणि जिचे मूळ सिद्धच होत नाही त्या गाडीच्या पाटीवर ‘क्यू’ हे अक्षर, जे पुढील प्रत्येक खरेदीदाराला आपोआप सावध करते. सामान्य माणूस ज्याला गाडीचा प्राण समजतो त्या इंजिनाला सर्वांत कमी गुण द्यावेत, यात मला त्या पद्धतीचे खरे मर्म दिसते; कारण इंजिन बदलते, रंग बदलतो, पत्रा बदलतो, पण गाडीची ओळख जिच्यावर टिकते ती बैठक चेसीसची.

आपल्या कायद्यात अशा जुळणीच्या गाडीला सोयीचा दरवाजा ठेवलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र मालिका सुरू झाली खरी, परंतु तिचीही अट मूळ स्वरूप राखण्याचीच आहे.

मात्र हौस कायद्याच्या परवानगीची वाट पाहत नाही. हरियाणात, पंजाबच्या सीमेला लागून असलेल्या मंडी डबवाली या गावी जुन्या लष्करी जीपांच्या सुट्या भागांतून आणि नव्याने ठोकलेल्या पत्र्यातून अख्खी जीप उभी करण्याचा धंदा अनेक वर्षे चालत आला असून, तिकडे तिला ‘लंडी जीप’ म्हणतात व देशभरातून तिला गिऱ्हाईक येते. त्या कारागिरांचे कसब निर्विवाद आहे. परंतु नव्या पत्र्याच्या, निराळ्या इंजिनाच्या या गाडीला रस्त्यावर येण्यासाठी एक नाव लागते, आणि ते बहुधा अशा जीपचे असते, जी कधीच भंगारात गेली पण जिचे आरसी बुक कोणाच्या तरी कपाटात जिवंत राहिले. पुस्तकात १९७० च्या दशकातील पेट्रोल इंजिनाची जीप, आणि बॉनेटखाली वीस वर्षांनी धाकटे डिझेल इंजिन! एखाद्याने आपल्या वडिलांच्या जीपचा पत्रा प्रेमाने बदलून घेणे आणि एखाद्याने मेलेल्या जीपचे नाव परक्या लोखंडाला चिकटवून बाजारात मांडणे, या दोन कृत्यांत नैतिक अंतर फार मोठे आहे. पण बाहेरून पाहता दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात आणि लबाडाला हेच साम्य उपयोगी पडते.

मोटारींच्या बाबतीत हाच प्रकार अधिक क्रूर रूप घेतो. अपघातात चक्काचूर होऊन विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरविलेली गाडी लिलावात विकत घेणाऱ्या टोळ्यांना तिच्या लोखंडाशी कर्तव्य नसते. त्यांना हवे असते तिचे पुस्तक आणि तिचा चेसीस क्रमांक. मग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची व रंगाची गाडी कुठूनतरी चोरायची, तिचा क्रमांक घासायचा आणि अपघातग्रस्त गाडीचा तिच्यावर पंच करायचा. येथे कागद खोटा नसतो. कागद अस्सल असतो, गाडी तोतया असते. आणि म्हणूनच केवळ कागद पाहून समाधान मानणारा खरेदीदार सहज फसतो.

आपल्या ज्या शहराचा पाया मलिक अंबरने १६१० साली खडकी या नावाने घातला आणि जेथून पुढे औरंगजेबाने दख्खनचा कारभार पाहिला, तेथे तरी ही लबाडी अपरिचित वाटू नये. मोगल लष्करात हजिरीच्या दिवशी उसना घोडा आणून मनसबदार आपली संख्या भरून दाखवीत, त्यावर तोड म्हणून अकबराने घोड्याच्या अंगावर दाग देण्याची आणि स्वाराचा चेहरा, म्हणजे त्याचे वर्णन, दप्तरात लिहून ठेवण्याची पद्धत कडक केली. हजिरीच्या वेळी दाग व दप्तर समोरासमोर आणले जात. आज शहरालगतच्या वाळूजच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दुचाकीच्या सांगाड्यावर ‘एमडी२’ या अक्षरांनी सुरू होणारा जो सतरा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो, त्याचे प्रयोजन याहून वेगळे नाही.

तेव्हा गाडी पाहताना पहिले काम हे, की पुस्तक हाती घेऊन चेसीसवरचा क्रमांक दिवसाच्या उजेडात, अक्षर न् अक्षर, स्वतः वाचावा. विकणाऱ्याने मोबाइलवर दाखविलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. सतरा अक्षरांच्या क्रमांकात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी घोटाळा करतात. ती दिसली तर पुढे बोलणे नको. कारखान्यातील ठसे एका ओळीत, एका खोलीचे असतात. हातोडीने ठोकलेला पंच एखाद्या अंकाशी खोल तर एखाद्याशी उथळ जातो व ओळ किंचित डुलते. क्रमांकाभोवतीच घासल्याच्या रेषा, तेवढ्याच जागी ताजा रंग, पुट्टीचा थर किंवा चौकोनी तुकडा वेल्डिंग करून बसविल्याची शीव दिसली, तर ती गाडी सोडून द्यावी. जुन्या जीपचे शास्त्र थोडे निराळे आहे. सतरा अक्षरांची पद्धत जगात १९८० च्या सुमारास रुजू लागली, म्हणून त्याआधीच्या म्हणविल्या जाणाऱ्या जीपवर असा क्रमांक असणे हाच लबाडीचा पुरावा समजावा. आणि जेथे क्रमांक रिवेटने ठोकलेल्या पट्टीवर आहे तेथे पट्टी जुनी व रिवेट नवे, ही विसंगती पुरेशी बोलकी असते.

याखेरीज गाडीच्या अंगावर लहानसहान साक्षीदार विखुरलेले असतात, ज्यांना बदलण्याचे कष्ट लबाड माणूस बहुधा घेत नाही. काचांच्या कोपऱ्यातील वर्षदर्शक खुणा, सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवरील तारीख आणि पुष्कळ नव्या मोटारींत संगणकीय यंत्रणेत साठविलेला क्रमांक, हे सर्व पुस्तकातील वर्षाशी जुळले पाहिजे. अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसीस क्रमांक सांगितला, तर मूळ रंग व इंजिन क्रमांक कळू शकतो. ‘वाहन’ या सरकारी नोंदीत इंधन, नोंदणीची तारीख व कर्जबोजा पाहता येतो. उच्च सुरक्षा पाटी, जी १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीची झाली, तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. तोही पडताळून पाहावा.

महाराष्ट्रातील अनुभव या सावधगिरीला पुष्टी देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या मोटारींची विक्री व नोंदणी बंद झाली. तरी भंगार म्हणून विकल्या गेलेल्या अशाच मोटारींचे चेसीस क्रमांक बदलून परराज्यांत नोंदणी केल्याच्या प्रकरणात नवी मुंबई पोलिसांनी २०२१ च्या आरंभी दीडशेवर गाड्या जप्त केल्या. पुढे २०२४ साली चोरीच्या मालमोटारींना ईशान्येकडील राज्यांची कागदपत्रे चढवून त्या महाराष्ट्रात वर्ग केल्याचे प्रकरण उघडकीस आले, आणि त्यात अमरावतीच्या परिवहन कार्यालयातील अधिकाऱ्यांनाही अटक झाली. तपासणी करणारा डोळाच मिटला तर दप्तर किती निरुपयोगी ठरते, हे मला यातील सर्वांत दुःखद वाटते.

घासलेला क्रमांक कायमचा नाहीसा होत नाही. ठशाच्या आघाताने खालचे पोलादही दबलेले असते, त्यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्लयुक्त द्रावण लावले की पुष्कळदा मूळ अंक पुन्हा वर येतात. मात्र त्या घटकेला गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी असते, आणि १९३० च्या माल विक्री अधिनियमाप्रमाणे, जो स्वतःच मालक नव्हता त्याच्याकडून प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाऱ्यालाही सामान्यतः मालकी मिळत नाही. गाडी मूळ धन्याकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाते.

या साऱ्या व्यवहाराचा कच्चा माल पुष्कळदा आपल्यासारख्या सज्जनांच्या घरातून जातो. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर तसे कळवून आरसी बुक नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावे, असे कलम ५५ सांगते. भंगारवाल्याला जीप देताना पुस्तकही सोबत देऊन टाकण्याची आपल्याकडील सवय मोडली पाहिजे. गाडी मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्यावी, तिच्या निकाली निघाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ते नाव रद्द झाले आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी.