चौदाव्या वर्षी विषय निवडताना

दहावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या सेतू केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. २०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाला, त्यामुळे कारंजा, आष्टी, समुद्रपूरकडच्या मुलांनाही पुण्या-मुंबईच्या मुलांसारखाच अर्ज भरावा लागतो. भाग एकमध्ये नावगाव, भाग दोनमध्ये शाखा आणि कॉलेजांचे पसंतिक्रम, किमान एक, कमाल दहा. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो, कळफलक दुकानदाराच्या हाताखाली असतो. ‘शाखा कोणती?’ असं तो विचारतो, तेव्हा उत्तर येतं ते बहुतेक वेळा मुलाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडून : ‘सायन्सच टाका, भाऊ.’ पंधरा-सोळा वर्षांची पोरगी पडद्याकडे पाहत असते. तिला कोणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं तर काय सांगावं हेही तिला ठाऊक असेलच असं नाही.

आता तर ही निवड आणखी अलीकडे सरकते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेतच मुलांना विषय निवडायला अधिक मोकळीक द्यायचं ठरवलं आहे आणि कला-वाणिज्य-विज्ञान या भिंती पातळ करायचं म्हटलं आहे. हेतू चांगला आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं का, हा प्रश्न शिक्षक आणि पालक दोघेही काळजीने विचारतात, आणि तो टाळून चालणार नाही.

मानसशास्त्राकडे याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे. भारतासह ११ देशांतल्या, १० ते ३० वयाच्या ५ हजारांहून अधिक जणांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घाई नसताना, शांतपणे माहिती तोलून विचार करण्याची कुवत साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या बरोबरीला येते, असं त्यात दिसलं. मात्र आवेग आवरणं, बरोबरीच्यांच्या ओढीपुढे टिकणं, लांबचा विचार करणं याला अठराच्याही पुढची वर्षं लागतात. म्हणजे चौदाव्या वर्षाचं मूल विचार करू शकत नाही असं नाही. ते घाईत, मित्रांच्या गराड्यात आणि मोठ्यांच्या धाकात नीट विचार करू शकत नाही. आणि आपण त्याला निवड करायला लावतो ती नेमकी अशाच वेळी : निकालाच्या आठवड्यात, अर्जाची मुदत संपत आलेली असताना.

आपल्या देशात निवड लवकर की उशिरा, हा झोका पूर्वीही इकडून तिकडे गेलेला आहे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या होत्या. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान असे सात गट, आणि मुलाने माध्यमिक शाळेतच त्यांतून एक घ्यायचा. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हे बदललं : पहिली दहा वर्षं सर्वांना सारखं शिक्षण, वाटा फुटतील त्या दहावीनंतर. आपली आजची दहावी त्यातूनच आली. महाराष्ट्रात तिची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. २०१६ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली, तिच्यातही कलाची क्षेत्रं सातच होती. गृहविज्ञानासारखे गट गेले होते, आरोग्य आणि गणवेशधारी सेवा आल्या होत्या. पण ज्या मुलीने कधी हातात रंग धरला नाही, तिला ‘तुला ललित कला आवडते का’ असं कागदावर विचारून काय मिळणार? कल मोजण्याआधी तो तयार व्हायला जागा लागते.

याच राज्यात चौदाव्या वर्षीच्या निवडीचा एक मोठा प्रयोग होऊन गेला, तो मात्र आपण फार लवकर विसरलो. नववी-दहावीला गणिताच्या जागी ‘सामान्य गणित’ घेण्याची मुभा होती. गणिताच्या धास्तीने दहावीत अडकणाऱ्या मुलांसाठी ती वाट होती आणि तिने अनेकांना पार नेलंही. पण नववीच्या जून महिन्यात, तेराव्या-चौदाव्या वर्षी, ‘मला गणित जमत नाही’ असं ठरवणाऱ्या मुलाला पुढे विज्ञान शाखा किंवा तंत्रनिकेतन हवंसं वाटलं की दार बंद आढळायचं. २०१७-१८ मध्ये नववीपासून आणि पुढल्या वर्षी दहावीपासून हा विषय बंद झाला. सीबीएसईने थोड्याच काळात ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दहावीच्या गणिताचे दोन पेपर आणले. तिथे एक शहाणपणाची सोय ठेवली होती : बेसिक घेऊन पास झालेल्या मुलाचं मन बदललं, तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देऊन गणिताकडे परतता यावं. निवड तशीच, वयही जवळपास तेच. फरक एवढाच की एका ठिकाणी परतीची वाट होती आणि एका ठिकाणी नव्हती. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. मूल पिकलं आहे का, यापेक्षा चुकलं तर वळता येतं का, हे आधी पाहायला हवं.

म्हणूनच ‘सायन्सच टाका’ म्हणणाऱ्या बापाला मी अडाणी म्हणणार नाही. बारावी विज्ञान झालेल्याला पुढे बीए, बीकॉम करता येतं. बारावी कला झालेल्याला बीएस्सी सहसा मिळत नाही. ज्या रस्त्यावरून मागे फिरता येत नाही तो टाळावा, हे कोरडवाहू शेती करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. कपाशीचं नवं वाण तो एकदम सगळ्या वावरात लावत नाही, आधी चार तासं लावून पाहतो. खेद इतकाच, की मुलाच्या बाबतीत चार तासं लावून पाहायची सोय शाळेने त्याला दिलेली नसते.

जगातही हे वय ठरलेलं नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षीच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. इंग्लंडमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी परीक्षेचे विषय ठरतात. फिनलंडने १९७० च्या दशकात सर्वांसाठी एकच शाळा केली आणि फाटा सोळाव्या वर्षावर नेला. एरिक हानुशेक आणि लुडगर व्होसमान या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांची तुलना केली. लवकर वाटणी करणाऱ्या देशांत मुलांच्या यशातली दरी वाढते, असं त्यांना दिसलं. लवकर निवडताना मूल स्वतःच्या आवडीपेक्षा घरातून आलेल्या माहितीवर निवडतं, आणि ती माहिती सगळ्या घरांत सारखी नसते.

या प्रश्नावरचा सर्वांत मुळातला विचार मात्र वर्ध्यातच झालेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्यातून सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणाचा आराखडा केला, वय ७ ते १४. त्यातलं वेळापत्रक आजही वाचावं असं आहे. रोजच्या साडेपाच तासांत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून ४० मिनिटं, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि मधली सुट्टी १०. चौदाव्या वर्षापर्यंत विषय सोडायची मुभाच नव्हती. सगळ्यांनी सगळं करायचं, आणि हाताने करायचं.

१९३८ पासून सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालिमी संघात आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी हे उभं केलं. टकळीवर सूत काढणारं मूल पाहिलं तर त्यात किती काही दडलेलं असतं ते कळतं. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला गिरकी. धागा जाड आला तर पेळू नीट सोडला नाही, तुटला तर पीळ कमीजास्त झाला. चार फुटांची एक तार, ६४० तारांची गुंडी : मग आज किती तारा झाल्या, गुंडीला किती उरल्या, हे गणित फळ्यावर मांडायची गरजच राहत नाही. कोणाला धागा सारखा काढण्यात गोडी आहे, कोण हिशोबात रमतं, कोण टकळी का डगमगते ते शोधत बसतं आणि कोण शेजारच्याला शिकवायला धावतं, हे शिक्षकाला सात वर्षांत नुसतं बघून कळतं. कल अशाने कळतो. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर या शिक्षणाला, म्हणजे नयी तालीमला, उत्तर-बुनियादीची, म्हणजे मूलभूत शिक्षणापुढच्या टप्प्याची जोड मिळाली. विशेष काम हाती घ्यायचं ते तिथे, म्हणजे चौदा उलटल्यावर, सात वर्षांच्या अनुभवाच्या बळावर.

ही योजना टिकली नाही, हेही सांगायला हवं. नोकरीच्या बाजारात तिला भाव आला नाही, आणि मुलांना इंग्रजी व मॅट्रिक हवं असं खेड्यातल्या आईबापांना वाटणं चूक नव्हतं. २००५ मध्ये सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात ‘आनंद निकेतन’ शाळा मराठी माध्यमातून नव्याने सुरू झाली. तिथली मुलं शेतात राबतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि नेहमीचा अभ्यासही करतात. दोन्हींची सांगड घालता येते याचा पुरावा जिल्ह्यातच आहे.

बाकी शाळांत मात्र निवडीचं स्वातंत्र्य शिक्षकांच्या संख्येशी आणि एसटीच्या वेळापत्रकाशी बांधलेलं आहे. गावाजवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा असेल, तर मुलीची ‘आवड’ कला हीच ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो; पण प्रॅक्टिकल संपल्यावर परतीची गाडी नसेल तर त्या पासाचा विज्ञानाला उपयोग नाही. धोरणात कितीही पर्याय लिहिले, तरी आर्वी-आष्टीकडच्या मुलीला निवडता येईल ते संध्याकाळची गाडी ठरवणार. अकरावीच्या जागा ठरवताना आगार व्यवस्थापकालाही बैठकीला बोलवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि परतीच्या वाटा आजही काही आहेत, त्या मुलांना आठवीतच सांगता येतील. दोन वर्षांची आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पदविकेवरून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीला गुण कमी पडलेल्या किती मुलांना हे अर्ज भरण्याआधी कळतं? वर्गशिक्षकाने नववीच्या दिवाळीनंतर एक तास यासाठी द्यावा. गावातून आयटीआयला, अकरावी विज्ञानाला आणि कलेला गेलेली तीन मुलं वर्गात बोलवावी, आणि पालकांना मागच्या बाकावर बसवून मुलांना त्यांना हवं ते विचारू द्यावं : गाडी किती वाजता सुटते, पुस्तकं कोणत्या भाषेत असतात, पहिल्या चाचणीत किती पडले, आणि पुन्हा निवडायला मिळालं तर काय घेतलं असतं.